वजीर दुसऱ्याच चालीला

बुद्धिबळाच्या कुठल्याही शिकवणीत पहिल्या आठवड्यातच मुलांना बजावले जाते: वजीर लवकर बाहेर काढू नका. कारण पटण्यासारखे आहे. वजीर सर्वांत मौल्यवान, म्हणून समोरच्याचा साधा घोडाही त्याच्यावर चालून आला तरी त्यालाच पळावे लागते. तो पळत असताना समोरच्याची मोहरी एकेक करून पटावर येत राहतात. ‘चार चालींत मात’च्या मोहात वजीर पुढे धाडणारी मुले असे डाव हरत हरतच हा नियम शिकतात.

आणि तरीही काळ्या मोहऱ्यांची एक पूर्ण ओपनिंग हा नियम दुसऱ्याच चालीला मोडते. पांढऱ्याने राजापुढचे प्यादे दोन घरे सरकवले की काळा वजिरापुढचे प्यादे त्याला भिडवतो. पांढरा ते मारतो आणि काळ्याचा वजीर परत मारून थेट पटाच्या मध्यावर, डी५ वर येऊन बसतो. हा स्कँडिनेव्हियन डिफेन्स. तिसऱ्या चालीला पांढऱ्याचा घोडा सी३ वर येतो आणि वजिराला उठावे लागते. म्हणजे शिकवणीत सांगतात ते सगळे इथे घडतेच.

या सुरुवातीचे वय थक्क करणारे आहे. आपल्याकडच्या जुन्या खेळात आणि पुढे अरबी शतरंजात वजीर एका वेळी एकच घर, तेही तिरपे चालायचा. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात त्याला आजची अफाट ताकद मिळाली. या नव्या वजिराने खेळलेला आपल्यापर्यंत पोहोचलेला सर्वांत जुना डाव १४७५च्या सुमाराचा, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचा आहे, आणि तो एका कवितेत नोंदवलेला आहे. ‘स्काक्स दामोर’ या चौसष्ट कडव्यांच्या काव्यात फ्रान्सी दे कास्तेल्वी पांढऱ्याकडून आणि नार्सिस व्हिन्योलेस काळ्याकडून खेळतात. बर्नात फेनोयार पंचाच्या भूमिकेत आहे. त्यातली सुरुवात हीच! व्हिन्योलेसचा वजीर डी५ वर येतो आणि हुसकावला गेल्यावर निमूट डी८ वर घरी परततो. त्याने चाली गमावल्या, पण डाव गेला तो त्यामुळे नाही. आठव्या चालीला कास्तेल्वीचा वजीर बी७चे प्यादे मारत आत घुसतो, तिथून पडझड सुरू होते, आणि एकविसाव्या चालीला तोच वजीर डी८ वर मात देतो. मला वाटते, नव्या मोहऱ्याची ताकद दाखवण्यासाठीच हा डाव रचला असावा.

मग काळ्याचे गणित जुळते कुठे? पांढऱ्याने पहिल्या दोन चाली ज्या प्याद्यावर खर्च केल्या ते प्यादे आता पटावरच नाही. घोडा सी३ वर आला खरा, पण त्याने स्वतःच्याच सी प्याद्याची वाट अडवली. उलट काळ्याचा पांढऱ्या घरांवरचा उंट मोकळा आहे. ई६ खेळून प्याद्यांची भिंत बांधण्याआधी तो एफ५ किंवा जी४ वर निघू शकतो. फ्रेंच डिफेन्स खेळणारे याच उंटाच्या कोंडीने आयुष्यभर हैराण असतात.

शिकणाऱ्याने सर्वाधिक वेळ द्यावा तो सी६ या छोट्या चालीला. वजीर ए५ वर आहे असे धरा. पांढरा उंट डी२ वर आणतो. धोका पटकन दिसत नाही, पण सी३ वरचा घोडा डी५ वर उडी मारून बाजूला झाला की मागचा उंट थेट वजिरावर रोखलेला असतो. काळ्याने सी प्यादे एक घर सरकवलेले असेल तर वजिराला सी७ किंवा डी८ला जाण्याची तिरपी वाट मोकळी असते आणि डी५ वरही पहारा बसतो. ही चाल विसरून दुसरेच मोहरे काढत बसले की वजिराला घरी जायला रस्ता उरत नाही. या ओपनिंगचा खरा अभ्यास वजीर परत कसा आणायचा याचाच आहे. तो बाहेर काढणे कोणालाही जमते. ज्यांना ए५ नको ते डी६ निवडतात. ग्रँडमास्टर सर्गेई तिव्हियाकोव्ह यांनी त्या घराचा ध्यासच घेतला. व्हिन्योलेससारखे डी८ला परतणारेही आहेत.

बड्या स्पर्धांत ही सुरुवात क्वचितच दिसायची. १९७९ साली मॉन्ट्रियलला डेन्मार्कच्या बेंट लार्सन यांनी तेव्हाचे जगज्जेते कार्पोव्ह यांना हिनेच हरवले, तेव्हा तिच्याकडे नव्याने पाहिले गेले. आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा डाव मात्र १९९५चा. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये जगज्जेतेपदाची लढत चालू होती. विश्वनाथन आनंद कास्पारोव्हच्या मागे पडले होते, आणि चौदाव्या डावात त्यांनी स्कँडिनेव्हियन काढला. तो डाव पटावर मांडून पाहण्यासारखा आहे. आनंदचा वजीर तिसऱ्या चालीला ए५ वर जातो आणि कास्पारोव्हसारखा खेळाडू समोर असूनही पुढच्या कितीतरी चाली तिथेच ठाण मांडून बसतो. किल्लेकोट झाल्यानंतर तो सवडीने सी७ वर परततो. तोवर काळ्याची स्थिती उत्तम आहे. चूक होते ती पुढे, मधल्या डावात, आणि एकेचाळिसाव्या चालीला कास्पारोव्ह जिंकतात. निकाल पाहून अनेकांनी दोष ओपनिंगला दिला. तो अन्याय होता. २०१४च्या ट्रॉम्सो ऑलिंपियाडमध्ये जगज्जेता कार्लसन काळ्या मोहऱ्यांनी कारुआनाविरुद्ध बसला, तेव्हा त्याने हीच सुरुवात निवडली आणि डाव जिंकला.