‘कॉम्प्युटरवाला’ म्हणजे कोण?

पेण तालुक्यातील हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात एकदा डोकावून पाहावे. एक जण साच्यातून मूर्ती काढतो, दुसरा ती घासूनपुसून गुळगुळीत करतो, तिसरा रंग देतो. डोळ्यांची आखणी मात्र ज्याचा हात बसलेला आहे त्याच्याचकडे जाते. “इथे आखणी कोण करतो?” असे विचारले की चटकन त्याच्याकडे बोट दाखवले जाते. माणसाची ओळख त्याच्या कामावरून होते.

आता तिथून उठून एखाद्या सार्वजनिक वाचनालयात चला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 सालचा. त्याखालील 1970 च्या नियमांनी अनुदानासाठी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले. ग्रंथपाल, निर्गम साहाय्यक, लिपिक, शिपाई ही तेथील सेवकांची ठरीव नावे. पण कोपऱ्यात संगणकापाशी बसलेला तो कोण? सारे त्याला ‘कॉम्प्युटरवाला’ म्हणतात. कागदावर तो पुष्कळदा नुसता लिपिक असतो.

तो करतो काय? पुस्तकांची नावे टंकतो, एवढेच आपल्याला दिसते. पण एका पुस्तकावर ‘केशवसुत’ आणि दुसऱ्यावर ‘कृष्णाजी केशव दामले’ असे छापलेले असले, तर हे दोघे एकच हे यंत्राला ठाऊक नसते. ते सांगावे लागते. दुसरी अडचण शुद्धलेखनाची. 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकावर ‘नांव’ असते आणि आजचा वाचक ‘नाव’ असे लिहून शोधतो. दोन्ही रूपे जोडून ठेवली नाहीत, तर पुस्तक कपाटात असूनही “नाही” असे उत्तर मिळते! जुन्या संगणकी टंकातील मराठी नव्या यंत्रावर नेली की अक्षरांची खिचडी होते, ती निस्तरणेही याच्याच वाट्याला येते.

हे काय टंकलेखन झाले? हे तर ग्रंथपालाचेच काम. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. वाचकाचा वेळ वाचवा, हे त्यांतील चौथे. त्या वेळी हे काम कार्डावर होत असे, आज पडद्यावर होते. त्याला लागणारी जाण तीच आहे.

उलट, तारा जोडणे, छपाईयंत्र दुरुस्त करणे हे वेगळे कसब आहे. दोन्ही कामे एकाच माणसाकडे असली तरी त्यांची नावे वेगळी हवीत. पहिल्याला तालिकाकार म्हणा, दुसऱ्याला यंत्रसाहाय्यक म्हणा. नावाचा हा हट्ट मानापानासाठी नव्हे. जागा भरताना कोणते शिक्षण पाहायचे, पगार किती द्यायचा, चूक झाली तर कोणाला विचारायचे, हे सारे पदाच्या नावावरून ठरते. ‘टंकलेखक पाहिजे’ अशी जाहिरात दिली, तर टंकलेखकच येणार. मग केशवसुत एका कपाटात आणि दामले दुसऱ्या कपाटात राहतील, आणि वाचक हात हलवीत घरी जाईल.