ठिगळ भोकापेक्षा मोठं हवं

माझ्या जांघेतल्या हर्नियावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली आणि आठ महिन्यांनी खोकताना तोच फुगवटा पुन्हा हाताला लागला. वाटलं, आपणच पाण्याची घागर उचलली, चूक आपली. लाजेपायी चार महिने घरातही बोललो नाही. शेवटी दुसऱ्या सर्जनांकडे गेलो. ते हसून म्हणाले, ‘‘नीट बसलेली जाळी एका घागरीनं सहसा सरकत नाही.’’

हर्निया म्हणजे आपला जुना अंतर्गळ. पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतली चरबी किंवा आतडं बाहेर येतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत भिंतीला आतून जाळी लावतात.

माझे अब्बा शिंपी होते. ते म्हणत, ठिगळ भोकाएवढंच लावलं तर पहिल्याच धुण्यात कड सुटते. इथंही तसंच आहे. जांघेत हर्निया उतरण्याच्या तीन वाटा शेजारी-शेजारी असतात. त्या तिन्ही झाकून जाळी पलीकडे पसरायला हवी. म्हणून साधारणपणे ती किमान १० बाय १५ सेंटिमीटरची घेतात. जाळी लहान पडली, आत पुरेशी जागा न केल्यानं दुमडली किंवा तिची खालची कड उचलली गेली, की वाट पुन्हा मोकळी होते. कधी शेजारचा दुसरा हर्निया नजरेतून सुटतो. या कामात हात बसायला वेळ लागतो. तेव्हा ‘अशा शस्त्रक्रिया तुम्ही किती केल्या?’ असं सर्जनना विचारण्यात उद्धटपणा नाही.

हर्निया लवकर परतला, तर बहुधा कारण असं तांत्रिक असतं. वर्षानुवर्षांनी परतला, तर मूळ कापडच विरलेलं असू शकतं. धूम्रपान, जुनाट खोकला, शौचाला कुंथणं यांनी त्यात भर पडते.

माझ्या जाळीची खालची कड दुमडली होती. मागच्या बाजूला व्रण धरलेला असल्यानं दुसरी शस्त्रक्रिया समोरून, उघड्या पद्धतीनं झाली. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही अशा वेळी हाच मार्ग सुचवला आहे.

मित्रहो, फुगवटा परतला तर लपवू नका. तो कडक झाला, दुखू लागला, आत जाईना किंवा उलट्या सुरू झाल्या, तर तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठा. मी चार महिने गप्प राहिलो. आतडं अडकलं नाही, हे केवळ नशीब.