जीप उचलण्याआधी खाली वाकून बघा

पूनम सागर म्हटले की शेती काही डोळ्यांसमोर येत नाही. मीरा रोड पूर्वेची ही वसाहत, जिकडे बघावे तिकडे इमारती. पण रविवारी रात्री आमच्या गेटपाशी उभे राहा. मडगार्डला लाल चिखल थापलेल्या जीपा आणि बोलेरो एकेक करून आत शिरताना दिसतील. नोकरी मुंबईत आणि भाताची खाचरे वाड्याला, विक्रमगडला, जव्हारला, अशी माणसे इथे पुष्कळ. वसईच्या खाडीवरचा पूल ओलांडायचा, मनोरला उजवीकडे वळायचे, की आले गाव. डांबर आहे तोवर तक्रार नाही. तक्रार असते ती शेवटच्या दोन किलोमीटरची.

आमच्या एका शेजाऱ्याचे तसेच झाले. मागच्या श्रावणात गावी आई तापाने फणफणली. गाडी ओढ्याच्या अलीकडे चिखलात बसली ती बसलीच. शेवटी चौघांनी डोली करून म्हातारीला डांबरापर्यंत आणले. या पावसाळ्याआधी तो माझ्याकडे आला, "भाऊ, गाडी चार इंच उचलून घेतो. पार्ट कुठले घेऊ ते सांगा." जीपगाड्यांत माझी हयात गेली म्हणून विचारायला आला. त्याला जे सांगितले तेच आज तुम्हाला सांगतो. कारण हा विचार घोळतोय असे शेतकरी आणि गाडी बाळगणारे सरपंच गावोगाव आहेत.

आधी गाडीखाली वाका. मागच्या ॲक्सलच्या मध्ये जो डिफरन्शियलचा गोळा दिसतो, दगडाला आणि चाकोरीतल्या उंचवट्याला तोच पहिला लागतो. आता लक्षात घ्या, पाट्यांखाली ठोकळे घाला नाहीतर नवे उंच पाटे बसवा, वर उचलली जाते ती चासी आणि बॉडी. गोळा ॲक्सलवर, ॲक्सल चाकांवर; तो होता तिथेच राहतो! गोळा वर घ्यायचा तर चाकच मोठे पाहिजे, आणि तिथेही टायरचा घेर जेवढा उंच होईल त्याच्या निम्मेच पदरात पडते. बोलेरोचा २१५/७५ आर १५ टायर काढून २३५/७५ आर १५ घातला तर टायरची उंची तीस मिलिमीटरने वाढते, गोळा पंधरा मिलिमीटरने. वर स्पीडोमीटर चार टक्के कमी दाखवतो आणि चढावर ओढ तेवढीच कमी होते.

मग उचलून फायदा काय? आहे ना. पुढचा बंपर बांधाला आणि मागचा नाल्याच्या काठाला घासत नाही, पोट उंचवट्यावर टेकत नाही, आणि मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा होते. तुमची गाडी नेमकी कुठे अडते ते आधी बघा. पोट टेकत असेल तर उचलण्यात अर्थ आहे. नुसती चिखलात फिरत असेल तर चिखलाचे टायर घ्या, फोर व्हील चालू स्थितीत आहे का ते तपासा. शेजाऱ्याची गाडी दोन चाकांवर चालणारी होती आणि टायर गुळगुळीत. ती चार इंच काय, हातभर उचलली असती तरी त्या ओढ्यात बसलीच असती.

उचलायचेच ठरले तर स्प्रिंग कोणती आहे त्यावर पार्ट ठरतात. जुन्या एमएम ५४०, कमांडर, जिप्सी यांना पुढेमागे पाटे. बोलेरोला मागे पाटे. २०१० साली आलेल्या थारला मागे पाटे आणि पुढे टॉर्शन बार; २०२० च्या थारला चारी बाजूंना कॉइल. टॉर्शन बारचा बोल्ट आवळून पुढची बाजू वर घेता येते, फुकटात. पण तेवढी चाकाची खाली उतरण्याची जागा खाल्ली जाते, गाडी दणके देते आणि चाकांचे कोन बदलून टायर एका अंगाने झिजतात.

पाट्यांच्या गाडीला सर्वात चांगला उपाय म्हणजे जास्त कमानीचा नवा पूर्ण संच. जुने पाटे भट्टीत तापवून ठोकून घेणे स्वस्त पडते खरे, पण पोलादाला पुन्हा नीट पाणी दिले नाही तर वर्षभरात पाटा पुन्हा बसतो, नाहीतर तुटतो. एखादा पाटा वाढवला तर उंची मिळते आणि ताठरपणाही. रोज खताची पोती वाहणाऱ्याला ते चालेल. रिकाम्या गाडीत मात्र पेशंटचे हाल.

लांब शॅकल हा सगळ्यांचा आवडता उपाय, कारण कुठलाही वेल्डर पट्टी कापून देतो. हिशेब असा की शॅकल दोन इंच लांब केली तर गाडी एकच इंच उठते, कारण पाट्याचे दुसरे टोक जागेवरच असते. पुढच्या बाजूला हे केले की ॲक्सल किंचित फिरतो आणि वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येईनासे होते. त्यासाठी पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये योग्य कोनाची पाचर घालावी लागते. ठोकळे घालायचे तर फक्त मागे, एकावर एक कधीच नाहीत, आणि ओतीव किंवा भरीव लोखंडाचेच. बाभळीच्या लाकडाचा ठोकळा बसवलेली जीप मी या डोळ्यांनी पाहिली आहे. त्या माणसाला हात जोडले. यू बोल्ट दरवेळी नवे घ्या, आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

शॉकअप विकत घेताना दुकानदाराला नुसते "दोन इंचवाले द्या" म्हणू नका. चासी घोडीवर घ्या, ॲक्सल मोकळा लोंबू द्या आणि शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या जागांमधले अंतर मोजा. मग ॲक्सल रबरी बफरला टेकेपर्यंत वर घेऊन पुन्हा मोजा. पूर्ण उघडलेला शॉकअप पहिल्या मापाहून थोडा लांब हवा, पूर्ण मिटलेला दुसऱ्या मापाहून थोडा आखूड. नाहीतर एकतर तो दोरखंडासारखा ताणून तुटेल, नाहीतर आतून ठोकून फुटेल.

आता ब्रेकचे. हे लिहिताना अजून छाती धडधडते. आमच्या थोरल्या भावाने जुनी जीप एका गॅरेजात उचलून घेतली होती. लांब शॅकल, लांब शॉकअप, सगळे नवे. ब्रेकची रबरी नळी मात्र जुनीच. जव्हारच्या घाटात, गाडीत आठ माणसे, आणि एका खड्ड्यात मागचे चाक खाली लोंबले तशी नळी ताणून फाटली. जुन्या जीपला ब्रेकची लाईन एकच. पायडल जमिनीला टेकले. दादाने पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली म्हणून आम्ही वाचलो. म्हणून सांगतो, चाक पूर्ण लोंबवून नळीला हात लावून बघा. सैल नसेल तर लांब नळी आधी, उंची नंतर. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व असतो, भार किती आहे ते तो उंचीवरून ओळखतो. गाडी उचलली की त्याला वाटते गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. त्याची दांडी पुन्हा जुळवून घ्यावी लागते. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉसही बघा. कोन वाढला की थरथर सुरू होते आणि क्रॉस लवकर जातात.

आणि एक गोष्ट कुठलाच दुकानदार सांगत नाही. उंच गाडीचा तोल वर जातो. काळी-पिवळीसारखी माणसे भरून, टपावर सामान टाकून ती वळणावर नेली तर उलटायला वेळ लागत नाही.

कायदाही ऐकून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पक्के केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. झिजलेले पाटे आणि शॉकअप मूळ मापाचे नवे बसवणे ही दुरुस्ती झाली. चार इंच उचलणे हा बदल झाला. पैसे मोजण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा. अपघातानंतर सर्वेअर गाडीखाली वाकतो तेव्हा फार उशीर झालेला असतो.

ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांनाही दोन शब्द. शेवटचे दोन किलोमीटर नीट झाले तर कुणाला जीप उचलावी लागणार नाही. शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी राज्याने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली. वाट कुणी अडवली असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याचे कलम ५ आहे, बांधावरून नवी वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम १४३. दोन्हीकडे अर्ज तहसीलदारांकडेच करायचा.

आमच्या शेजाऱ्याने काय केले? बसलेले मागचे पाटे काढून मूळ मापाचे नवे टाकले. नुसत्या त्याने गाडी दीड इंच वर आली, म्हणजे इतकी वर्षे ती दीड इंच खचूनच चालत होती! शॉकअप नवे, टायर चिखलाचे, डिकीत एक फावडे आणि जाड दोर. पाड्यावरच्या अकरा घरांच्या सह्या घेऊन पाणंदीचा अर्ज ग्रामपंचायतीत दिला, त्याची पोचपावती त्याने मला गेटवर दाखवली. आईला मात्र पावसाचे चार महिने तो इकडे पूनम सागरलाच घेऊन आला आहे. लिफ्टमध्ये बसायला ती अजून घाबरते.