रस्ता आला, पण पासबुक कोणाच्या हातात?

रायपूरच्या भनपुरीतून बोलतोय. आजचा प्रश्न : आडरानातल्या गावात आधुनिकता येते, म्हणजे नेमकं काय येतं?

आम्हा फौजी माणसांचं पहिलं उत्तर असतं, रस्ता. ते चूक नाही. १ जानेवारी २०२५ रोजी गडचिरोली जिल्ह्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ, गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी हा ३२ किलोमीटरचा रस्ता खुला झाला आणि अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी! अडलेल्या बाळंतिणीला खाटेवरून नेणं आणि गाडीतून नेणं, यातला फरक आपण शहरात बसून मोजू नये.

पण रस्ता दोन्ही दिशांना चालतो. त्यावरून डॉक्टर आत येतो, तसा जंगलातला माल बाहेर जातो. त्या मालाच्या कागदावर सही कोणाची?

याचं उत्तर त्याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात सापडतं. मेंढा (लेखा) हे गोंडांचं छोटं गाव. देवाजी तोफा यांच्यासारखी तिथली माणसं आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे साथी कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून अभ्यासगटात बसत होते. गावाचा निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होई. वनहक्क कायदा २००६चा. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

हक्क मिळाला, तरी बांबू विकता येईना. कारण वाहतूक परवाना वनखात्याकडे. परवाना नसेल, तर स्वतःच्या जंगलातला बांबूही रस्त्यावर चोरीचा माल ठरतो. वास्तविक नव्या कायद्यात बांबू गौण वनोपज आहे; १९२७च्या जुन्या वनकायद्यात मात्र तो तेव्हा झाडांत मोजलेला होता. गाव या मुद्द्यावर अडून राहिलं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचं पासबुक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्यानंतर बांबू कधी तोडायचा, कोणाला विकायचा, हे ग्रामसभा ठरवू लागली.

म्हणून सांगतो, रस्त्याला विरोध करू नका. पण रस्ता येण्याआधी ग्रामसभा बसवा. वनहक्काचा दावा दाखल करा, हिशेब लिहायला चार तरुण तयार करा. एसटी उशिरा आली तरी लोक तिची वाट पाहतात. ट्रक कोणाची वाट पाहत नाही.

जय हिंद.