पाठ्यपुस्तकातील ठिपके आणि वर्गातील शिक्षक

खडू-फळ्याच्या जोडीला नवी साधने आणण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात जुनाच आहे. १९८४ साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ची स्थापना झाली व दूरचित्रवाणीवरील शैक्षणिक कार्यक्रम शाळांपर्यंत पोहोचू लागले. तथापि प्रक्षेपणाची वेळ ठरलेली असे. न समजलेला भाग पुन्हा पाहता येत नसे.

क्यूआर कोडमुळे ही उणीव भरून निघाली. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या या चौकोनात पाठाच्या ध्वनिफितीचा किंवा चित्रफितीचा पत्ता साठविलेला असतो. मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरला की ती हवी तितक्या वेळा ऐकता-पाहता येते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असताना श्री. रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना अशी जोड दिली. ध्वनिफिती व चित्रफितींतील पाठ या संकेतांमुळे मुलांच्या हाती आले. या कार्याबद्दल श्री. डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार लाभला.

मात्र ज्या घरी असा मोबाईल नाही, तेथील मुलासाठी हे केवळ छापील ठिपकेच राहतात. म्हणून शिक्षकांनी चित्रफीत आधीच उतरवून घ्यावी, ती सर्व वर्गाला एकत्र दाखवावी, मध्ये थांबवून प्रश्न विचारावेत आणि पाहिलेले मुलांना स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावे. असे झाले तरच या साधनाचा लाभ शेवटच्या बाकावरील मुलापर्यंत पोहोचेल.