भिंतीवर न चढणारी पाल

ऐरोलीचा पूल ओलांडून मुलुंडला जाताना आपण एका बेटावर उतरतो, हे कधी डोक्यात आलंय? ठाणे खाडीपलीकडचं ते साष्टी बेट. मुंबईची उपनगरं आणि ठाणे शहर त्यावरच वसलंय. आणि याच खचाखच भरलेल्या बेटावर, आरे कॉलनीच्या झाडीत, एक पाल राहते जिला गुळगुळीत भिंतीवर चढताच येत नाही!

घरातली पाल ट्यूबलाइटशेजारी आरामात चिकटून बसते, ती बोटांखालच्या पट्ट्यांवरच्या असंख्य सूक्ष्म केसांमुळे. हिच्याकडे त्या पट्ट्याच नाहीत. बोटं बारीक आणि वाकडी. म्हणूनच हिचं कुळ ‘सिर्टोडॅक्टिलस’, म्हणजे वाकड्या बोटांचं. शेपूट सोडली तर लांबी सहा सेंटीमीटरच्या आत आणि पाठीवर गडद ठिपक्यांच्या जोड्या. दिवसा पाचोळ्यात दडायचं आणि रात्री किडे टिपायचे, हा दिनक्रम.

आधी तिला दक्षिणेतल्या, १८७० मध्ये नोंदवलेल्या प्रजातीतलीच समजत. डीएनए तपासल्यावर वेगळेपण कळलं आणि २०१६ मध्ये तिला नाव मिळालं ‘सिर्टोडॅक्टिलस वरदगिरी’. हे वरद गिरी म्हणजे आपल्या पालींवर अनेक वर्षं काम केलेले मराठी संशोधक. गंमत पुढे आहे. गिरींनी २००८ मध्ये महाराष्ट्रातल्या एका पालीला अमेरिकी संशोधक आरोन बावर यांचं नाव दिलं होतं. आठ वर्षांनी ‘वरदगिरी’ हे नाव देणाऱ्यांच्या टीममध्ये हेच बावर होते. फ्रेंडशिप बँडपेक्षा भारी गिफ्ट ना?

२०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून जास्त झाडं तोडली, तेव्हा चर्चा झाली ती झाडांची आणि बिबट्याची. झाडाखालच्या पाचोळ्याचं कुणाला पडलंय? पण या पालीचं घर तेच.

आपल्याकडेही पारसिक, खारघरच्या डोंगरांवर उन्हाळ्यात वणवे लागतात आणि सोसायटीच्या बागेत रोज सकाळी पाचोळा झाडून पेटवला जातो. त्यात कोण कोण जळतं, कुणी बघत नाही. तेव्हा पुढच्या कमिटी मीटिंगला एवढंच सुचवा, की एका कोपऱ्यातला पाचोळा राहू द्या. आणि पावसाळी ट्रेकला जमिनीवर पाल दिसली, तर चप्पल उगारू नका. भारतातली कुठलीच पाल विषारी नाही. फोटो काढा आणि तिला तिच्या वाटेने जाऊ द्या.