सिवनीचा पाऊस, लाडजचा डोंगा

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणावर त्या रात्री पावसाचा थेंब नव्हता. ढगांच्या फटीतून मधूनच चांदणी दिसत होती, खालच्या बांध्यांमधून बेडकांचा अखंड आवाज येत होता, आणि धरणाच्या नियंत्रण कक्षात कुणी झोपलेले नव्हते. पाऊस इथे नसला तरी आदल्या दिवशी तो वर मध्य प्रदेशात, सिवनी आणि बालाघाटकडे पडला होता. ते पाणी वाटेत होते.

टेबलावर एक लांबट वही उघडी होती. दर तासाला तिच्यात एक ओळ भरायची: जलाशयाची पातळी, आवक, विसर्ग, किती दरवाजे उघडे, किती मीटरने. सगळे आकडे संगणकावरही जातात, वरच्या कार्यालयांना व्हॉट्सअ‍ॅपवरही जातात. तरीही वही ठेवतातच. रात्री वीज गेली, नेटवर्क गेले, तरी मागच्या तासाला काय होते ते बॅटरीच्या उजेडात वाचता येते. मी वर वर पाने चाळली. एका ओळीतून दुसऱ्या ओळीत पातळी दोन-तीन सेंटिमीटरने सरकलेली दिसते. तीन सेंटिमीटर म्हणजे दोन बोटांची रुंदीसुद्धा नाही. पण साडेअकरा किलोमीटरच्या आसपास लांब भिंतीमागे पसरलेल्या जलाशयात त्या दोन बोटांचा अर्थ फार मोठा होतो.

वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा येतो, वाकलेले माड येतात, बंदरावर चढवलेला बावटा येतो. विदर्भाच्या या पूर्व टोकाला समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पण भंडाऱ्याच्या पावसाचा मोठा हिस्सा बंगालच्या उपसागरातून येतो, आणि तो फिरत्या वाऱ्यांच्या रूपाने येतो. जुलै-ऑगस्टमध्ये उपसागराच्या उत्तर भागात कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, ओडिशाच्या किनाऱ्यावरून जमिनीवर चढते आणि छत्तीसगड, मध्य प्रदेश असे वायव्येकडे सरकत जाते. हवामान खात्याच्या भाषेत वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटरच्या आत असेल तर ते नुसते कमी दाबाचे क्षेत्र, ४९ पर्यंत अवदाब, ६१ पर्यंत तीव्र अवदाब आणि ६२ च्या पुढे चक्रीवादळ. ऐन पावसाळ्यात वरच्या आणि खालच्या थरांतले वारे इतके वेगवेगळे वाहतात की ही क्षेत्रे सहसा चक्रीवादळापर्यंत पोचत नाहीत. म्हणून त्यांना नाव मिळत नाही, टीव्हीवर त्यांचे भोवरे दाखवत नाहीत. मला ही फार चुकीची सवय वाटते. बिननावाच्या या क्षेत्रांनीच वैनगंगेच्या काठची घरे अधिक वेळा बुडवली आहेत.

त्यांची एक खोड इथल्या अभियंत्यांना पाठ आहे. पावसाळी कमी दाबाच्या क्षेत्राचा सर्वांत जोरदार पाऊस त्याच्या मधोमध पडत नाही, वाटेच्या डाव्या अंगाला, म्हणजे नैऋत्येला पडतो. केंद्र छत्तीसगडवरून उत्तर मध्य प्रदेशाकडे निघाले की बालाघाट, सिवनी, गोंदिया, भंडारा हा सगळा पट्टा नेमका त्या डाव्या अंगाखाली येतो. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा इशारा आला की इथला माणूस आधी रंग बघत नाही, जिल्ह्यांची नावे बघतो. भंडाऱ्याला पिवळा आणि बालाघाटला लाल असेल, तर लाल आपल्यासाठीच आहे हे त्याला ठाऊक असते.

कधी ऋतू उलटताना नाव असलेले वादळही इथपर्यंत पोचते. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ आंध्रच्या किनाऱ्यावर कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आले, त्याचे अवशेष महाराष्ट्र ओलांडून अरबी समुद्रात उतरले आणि तिथे ‘शाहीन’ या नावाने पुन्हा वादळ झाले. एवढ्या वाटेत त्याने विदर्भ-मराठवाड्यावर किती पाणी सांडले, ते शेतकऱ्यांना अजून आठवते.

गोसीखुर्दला येणारे पाणी एका वाटेने येत नाही, म्हणून नजरही एका बाजूला लावून चालत नाही. मुख्य धार वैनगंगेची. ती सिवनी जिल्ह्यात उगम पावते, तिथेच भीमगडला संजय सरोवराचे धरण आहे, मग बालाघाट, मग आपली हद्द. बाघ नदी पुजारीटोल्याकडचे पाणी घेऊन येते. बावनथडी येते. आणि पश्चिमेकडून कन्हान येते, तिच्या पाठीशी पेंच, पेंचच्या पाठीशी तोतलाडोह. कन्हानमधून नागपूरच्या नाग नदीची घाणही येते, ती इथे जलाशयात जलपर्णी होऊन तरंगते आणि पूर आला की हिरव्या सतरंजीसारखी दरवाजांवर येऊन थडकते. पुराच्या रात्री तिच्यामागे धावायला कुणाला वेळ नसतो, पण उन्हाळ्यात इथे येणाऱ्याने ती जरूर पाहावी.

या प्रत्येक वाटेवर कुणीतरी पाणी मोजत असते, आणि मोजलेला आकडा फोनवरून पुढे सरकत असतो. संजय सरोवरातून सुटलेले पाणी भंडाऱ्याकडे यायला साधारण दीड दिवस लागतो. त्या रात्री कक्षात सतत हाच हिशेब चालू होता. ‘वरून किती सोडले?’ हा अर्धाच प्रश्न. ‘किती वाजता सोडले?’ हा उरलेला अर्धा. मला आधी वाटत होते की इथले काम पाणी सांभाळण्याचे आहे. चार तास बसल्यावर उमगले की पाण्यापेक्षा जास्त ते तास सांभाळतात.

पाणी सांभाळणे फारसे शक्यही नसते, हे मी स्वतः वहीच्या मागच्या पानावर गुणाकार करून पाहिले. गोसीखुर्दचा एकूण साठा ११४६ दलघमी (दशलक्ष घनमीटर), त्यातला उपयुक्त साठा ७४० दलघमी. सेकंदाला दहा हजार घनमीटर, म्हणजे दहा हजार क्युमेक आवक सुरू झाली, तर पूर्ण रिकामा असलेला उपयुक्त साठासुद्धा साडेवीस तासांत भरून जातो. आणि ऑगस्टअखेर तो रिकामा नसतो. मोठा पूर या आकड्याच्या पुढेही जातो. म्हणून पाणी येण्याआधीच जागा करून ठेवावी लागते. पावसाळ्याच्या महिन्यांत जलाशय ठरलेल्या पातळीपेक्षा खाली राखायचा, इशारा आला की हळूहळू आणखी उतरवायचा. ज्या शेतकऱ्याला उन्हाळ्यात पाणी हवे असते त्याला हे सोडलेले पाणी डोळ्यांत खुपते, आणि त्याचे खुपणे मला रास्त वाटते. १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींनी या प्रकल्पाची पायाभरणी केली. तेव्हापासून कालव्याच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या माणसाला ‘जागा करायची होती’ हे कारण कसे पटावे?

पण दुसरीकडे कारध्याचा पूल आहे. भंडारा शहराला लागून वैनगंगेवरच्या या पुलाशी पाण्याची पातळी मोजतात. तिथे धोक्याची पातळी २४५.५० मीटर आहे, आणि गोसीखुर्दच्या जलाशयाची पूर्ण संचय पातळीही २४५.५० मीटरच. धरणाचा फुगवटा मागे भंडाऱ्यापर्यंत जातो. दरवाजे बंद ठेवावेत तर भंडाऱ्याच्या सखल वस्त्यांत पाणी चढते. दरवाजे उघडावेत तर खाली पवनी, मग ब्रह्मपुरी, देसाईगंज, गडचिरोलीच्या काठची गावे. तेहेतीस दरवाजांच्या मागे-पुढे माणसेच आहेत. अर्धा मीटर की एक मीटर, हा प्रश्न दर तासाला या दोन बाजूंच्या मध्ये उभा असतो.

मध्यरात्रीनंतर निर्णय झाला. आधी भोंगा. तो लांबलचक, घशातून येणाऱ्या रडण्यासारखा आवाज नदीच्या पात्रावरून खाली गेला आणि पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकू लागली. मग थोडे थांबायचे, कारण पात्रात रात्रीचे जाळे टाकून बसलेला एखादा ढिवर असू शकतो. मग एकेक दरवाजा. वक्राकार दरवाजा दोन्ही बाजूंच्या पोलादी दोरांवर इतक्या सावकाश उचलला जातो की डोळ्यांना हालचाल कळत नाही, कानांना कळते. गिअरचा कुरकुर आवाज, मग तळातून फुटणाऱ्या पाण्याचा. दरवाजेही एका टोकाकडून ओळीने उघडत नाहीत, खालच्या पात्रावर धार सारखी पडेल असे निवडून उघडतात. पुलावर उभा राहिलो तेव्हा पायांखालचे काँक्रीट बारीक थरथरत होते. तोंडावर तुषार आले. पाऊस नसलेल्या रात्री मी भिजलो.

ऑगस्ट २०२० चा उल्लेख इथे कुणी स्वतःहून काढत नाही, पण प्रत्येक निर्णयात तो असतो. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात उपसागरातले असेच एक कमी दाबाचे क्षेत्र मध्य प्रदेशावर येऊन बरसले. संजय सरोवराचे पाणी सुटले, खालच्या नद्या आधीच भरलेल्या होत्या, आणि २९ ऑगस्टपासून वैनगंगेने भंडारा शहर वेढले. गोसीखुर्दचे तेहेतीसच्या तेहेतीस दरवाजे उघडावे लागले. मग तेच पाणी चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत शिरले. दोन राज्यांमधला निरोप केव्हा आणि कसा पोचला यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. त्या चर्चेतून माझ्या मनात एकच गोष्ट उरली: खालच्या गावांना पाणी येणार हे कळायला आणि पाणी यायला मधे जितके तास मिळाले, तितक्याच तासांवर कोणाची शेळी वाचली, कोणाची नाही, हे ठरले.

पहाटे मी खाली निघालो. पवनीचा जुना परकोट आणि घाट मागे पडले. निरोप माझ्या आधी निघालेला होता. धरणावरून जिल्हाधिकारी कार्यालय, तिथून तहसील, तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल. एका गावात कोतवाल सायकलवर भोंगा धरून फिरत होता, मागे शाळेला निघालेली पोरे. त्याने ‘विसर्ग’ हा शब्द वापरला नाही. ‘आज कोनी नदीत नका जाऊ, ढोरं वर बांधा, मोटारी काढून घ्या,’ एवढेच. क्युमेकचा आकडा गावात येईपर्यंत असा मोटारीचा आणि ढोरांचा होतो, आणि तसाच झाला पाहिजे. नदीकाठचे मोटारपंप बैलगाडीवर चढत होते. धानाची रोवणी नुकतीच संपली होती. पऱ्हे रुजलेल्या बांध्या मात्र कुणालाच उचलून वर नेता येत नाहीत. एक बाई बांधावर उभी राहून नुसती पाहत होती. तिच्याशी काही बोलायला माझी जीभ उचलली नाही.

ब्रह्मपुरी तालुक्यातले लाडज हे गाव वैनगंगेच्या पात्रातले बेट आहे. चारही बाजूंनी नदी. शाळा, दवाखाना, बाजार, सगळ्याला डोंग्याने पलीकडे यावे लागते. २०२० च्या पुरात हे गाव पाण्याखाली गेले, लोकांना बाहेर काढावे लागले. समुद्रातल्या बेटावर वादळ आले तर निदान दिशा माहीत असते, क्षितिजावर काळे दिसते. लाडजला आकाश स्वच्छ असताना पाणी चढते.

मी काठावर पोचलो तेव्हा नावाडी फेऱ्या मारत होता. साठीच्या पुढचा, उघड्या पायांचा. त्याने काठाजवळ पाण्यात एक बांबू रोवलेला होता आणि त्यावर कोयत्याने तीन खाचा केलेल्या होत्या. पाणी पहिल्या खाचेशी असेपर्यंत सगळ्यांना न्यायचे. दुसऱ्या खाचेला आले की फक्त आजारी, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे, तीही बेटावरून बाहेर. तिसऱ्या खाचेला डोंगा बंद.

‘काका, तुम्हाला धरणावरून फोन येतो का?’ मी विचारले.

‘फोन पाटलाले येते. मले पाटील सांगते,’ तो म्हणाला. ‘पन पानी चढाच्या आंधी फेस येते, काड्या-कचरा येते. तो दिसला का मी समजतो, वरतं दरवाजे उघडले.’ मग त्याने माझ्याकडे नीट पाहिले. ‘रातच्याले सोडला तं फेस दिसत नाही ना भाऊ. म्हनून फोन पायजे.’

बेटावरच्या तयारीबद्दल तो सांगत राहिला. तांदळाची पोती माळ्यावर. रेशन कार्ड, आधार, जमिनीचे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पेटीत नाही तर दाराशी खुंटीला. पेटी उचलत बसले तर वेळ जातो. मोबाइल भरून ठेवायचे. दिवस भरत आलेल्या बाईला श्रावणातच पलीकडे नातेवाइकांकडे पाठवायचे. गुरे शेवटच्या क्षणी पोहत आणता येत नाहीत, म्हणून निरोप आला की आधी तीच. यातले काहीही कुठल्या पुस्तिकेतून आलेले नव्हते. खुंटीवरची पिशवी मात्र कुणीतरी पेटी गमावल्यावरच आली असणार.

अकराच्या सुमारास फेस आला. आधी तांबूस रेषा, मग काड्या, मग धरणातून सुटलेल्या जलपर्णीचा एक हिरवा पुंजका. पाणी दुसऱ्या खाचेला टेकले होते. बेटाच्या काठावर डोंग्यात बसायला आलेल्या एका तरुणाला त्याने हाताने थांबवले आणि मागे उभ्या असलेल्या म्हातारीला चढवले. तिच्या कडेवर दोन कोंबड्या होत्या. कोंबड्यांना त्याने नाही म्हटले नाही.

ती फेरी परत आली तेव्हा बांबूची दुसरी खाच दिसत नव्हती. त्याने वल्हे खांद्यावर घेतले, डोंगा ओढत वर आणला आणि दोर काठाजवळच्या झाडाला न बांधता, तिथून तीस-चाळीस पावले मागे असलेल्या कडुलिंबाला बांधला. मग पोलीस पाटलांना फोन लावला आणि बेटावर अजून कितीजण आहेत ते एकेका घराच्या नावाने मोजून सांगू लागला.